पाणपक्ष्यांची मोजदाद : आकाशातून आणि काठावरून

मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला 'हवाई पाहणी' हा शब्द नवा नाही. पूर ओसरू लागला, किंवा पावसाने ओढ दिली, की हेलिकॉप्टरची एक फेरी होते, खिडकीतून खाली पाहणारा एक चेहरा दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पानावर छापला जातो आणि पाहणी झाली असे समजले जाते. 'हवेतल्या गप्पा', 'हवेतले इमले' असे वाक्प्रचार ज्या भाषेत रूढ आहेत, तिथे या शब्दाला उपहासाचा वास यावा यात नवल नाही. प्रस्तुत लेखात आम्हांला या शब्दाचा एक निराळा आणि कमालीचा शिस्तबद्ध अर्थ पाहायचा आहे. तो म्हणजे पुराच्या पाण्यावर, दलदलींवर आणि जलाशयांवर उतरणाऱ्या पक्ष्यांची विमानातून केलेली मोजदाद. या मोजदादीचा जगातला इतिहास सुमारे सत्तर वर्षांचा आहे. तो वाचत असताना आमचे लक्ष वारंवार आपल्या भीमेकडे जात राहिले. शिरूर, दौंड, इंदापूर या पट्ट्यात पक्षी मोजले जातात ते काठावर उभे राहून. पाहणारा कुठे उभा आहे यावर त्याला काय दिसते हे ठरते, ही गोष्ट निवेदनतंत्र शिकवणाऱ्यांना कुणी समजावून सांगायला नको. आकड्यांच्या बाबतीत ती आपण सहसा विसरतो, एवढेच.

साहित्याच्या अभ्यासकाला विमानातून पाणपक्षी पाहण्याचा प्रसंग भेटतो तो रघुवंशाच्या तेराव्या सर्गात. लंकेहून अयोध्येकडे परतताना राम सीतेला पुष्पक विमानातून खालची भूमी दाखवतो. पंपा सरोवर येते तेव्हा त्याच्या काठची वेतांची दाटी आणि तिच्यामुळे जेमतेम दिसणारे चंचल सारस यांचा उल्लेख येतो. दुरून उतरलेली दृष्टी ते पाणी जणू दमून पिते आहे, अशी कल्पना आहे. पुढे गोदावरी येते. विमानाला लटकवलेल्या सोन्याच्या घुंगरांचा नाद ऐकून नदीवरच्या सारसांच्या रांगा वर उडतात, जणू सीतेला सामोऱ्या येतात. वर्गात हा सर्ग शिकवताना आपण उत्प्रेक्षेवर थांबतो. परंतु आजच्या हवाई गणकाच्या दोन मोठ्या अडचणी कालिदासाने या चार-पाच श्लोकांत नेमक्या टिपल्या आहेत, हे आम्हांला अलीकडेच जाणवले. झाडोऱ्याआडचा पक्षी वरून दिसत नाही, ही पहिली. आणि विमानाच्या आवाजाने पक्षी उठतो, ही दुसरी. गणकाला त्यांवर उपाय शोधावा लागला. कवीला लागला नाही. (गोदावरीवरच्या त्या रांगा आता काव्यातच आहेत. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या भातखाचरांत आणि तळ्यांकाठी, तोही मूठभर.)

उपाय कोणते, हे थोडे तपशिलाने सांगायला हवे. कारण पद्धत समजल्याशिवाय आकडा वाचता येत नाही. अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून रानबदकांच्या विणीच्या प्रदेशाची पद्धतशीर हवाई पाहणी १९५५ साली सुरू केली. महामारीची २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे सोडली तर ती दरवर्षी होत आली आहे. विमान जमिनीपासून शंभर-दीडशे फुटांवरून, आखून दिलेल्या सरळ रेषेत उडते. डाव्या बाजूचे पक्षी वैमानिक मोजतो, उजव्या बाजूचे शेजारी बसलेला निरीक्षक. दोघेही ठरावीक रुंदीच्या पट्टीतलेच पक्षी मोजतात. पट्टीबाहेर हजारांचा थवा असला तरी तो मोजायचा नाही. या पाहणीतला आम्हांला सर्वांत आवडलेला भाग मात्र विमानातला नाही. ज्या रेषांवरून विमान गेले त्यांपैकी काही तुकड्यांवर दुसरी एक तुकडी पायी फिरते, गवतातून, चिखलातून, तळ्यांच्या कडेकडेने, आणि तेच पक्षी पुन्हा मोजते. वरून दिसलेले किती आणि खाली प्रत्यक्षात असलेले किती, या गुणोत्तराने मग हवाई आकडा दुरुस्त केला जातो. म्हणजे आकाशातल्या पाहणाऱ्याला आपले अंधत्व किती, हे पायी चालणारा सांगतो.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे, कारण तिथला प्रश्न नदीच्या पुराचा आणि धरणांचा आहे. त्या खंडाच्या पूर्व भागात १९८३ पासून दर ऑक्टोबरात अशी पाहणी होते. नकाशावर दोन-दोन अक्षांशांच्या अंतराने आडवे पट्टे आखलेले आहेत, प्रत्येक तीस किलोमीटर रुंद, एकूण दहा. जवळजवळ एक तृतीयांश खंड या पट्ट्यांच्या आवाक्यात येतो. पट्ट्यात येणारी तळी, पूरमैदाने, दलदली, धरणांचे जलाशय यांवरून विमान खालून उडते आणि दोन निरीक्षक दोन बाजूंचे पक्षी जातवार पुटपुटत ध्वनिमुद्रित करत जातात. मोठा थवा आला तर एकेक पक्षी मोजणे अशक्य असते. तेव्हा दहाचा किंवा शंभराचा एक गठ्ठा नजरेने पक्का करायचा आणि थव्यात तसे किती गठ्ठे बसतात ते पाहायचे. मोठे थवे अशा रीतीने मोजताना माणूस बहुधा कमीच मोजतो, हेही त्यांना ठाऊक आहे. म्हणून ते आपल्या बेरजेला 'एकूण पक्षी' म्हणत नाहीत, 'निर्देशांक' म्हणतात. चूक राहणारच, पण दरवर्षी तीच पद्धत, तीच उंची, तोच महिना ठेवला, तर चूकही साधारण तीच राहते आणि यंदाचा आकडा गेल्या वर्षाच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

या चिकाटीचे फळ काय, हे न्यू साउथ वेल्समधील मॅक्वारी मार्शेस या दलदलीच्या बाबतीत दिसले. मॅक्वारी नदीवर बरेंडाँग हे मोठे धरण १९६७ साली पूर्ण झाले. नदीचे पाणी शेतीकडे वळले आणि पूर दलदलीत पसरेनासा झाला. रिचर्ड किंग्सफर्ड आणि थॉमस यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दलदलीचा संकोच आणि पाणपक्ष्यांची घट ही दोन्ही एकमेकांशी जोडून दाखवली. 'पूर्वी इथे खूप पक्षी येत' या आठवणीला सरकार-दरबारी फारशी किंमत नसते. हवाई पाहणीच्या मालिकेने त्या आठवणीला दाखल्याचे रूप दिले. पुढे २०१२ साली मरी-डार्लिंग खोऱ्यासाठी पाणीवाटपाचा जो आराखडा झाला, त्यात नदीच्या स्वतःच्या वाट्याच्या पाण्याचा विचार झाला, त्यामागे अशा आकड्यांचे बळ होते.

आकाश आणि जमीन यांचे नाते सांगणाऱ्या दोन जुन्या कथा इथेच सांगून टाकतो. दोन्ही रोहित पक्ष्यांच्या आहेत. कच्छच्या मोठ्या रणात रोहितांची प्रचंड वीण होते हे ऐकून डॉ. सालिम अली १९४५ साली तिथे पोहोचले, जनावरांच्या पाठीवरून, खारट चिखल तुडवत. घरट्यांच्या मोजणीवरून त्यांनी पिल्ले धरून सुमारे पाच लाख पक्ष्यांचा अंदाज बांधला. दुसरी कथा पूर्व आफ्रिकेतली. केनियात शेतीखात्यात असलेले लेस्ली ब्राउन यांना १९५४ साली विमानातून नेट्रॉन या सोडायुक्त सरोवरात लहान रोहितांची वसाहत दिसली. ती जमिनीवरून कुणाला दिसणे कठीण होते, इतकी ती काठापासून आत होती. वरून पाहून ब्राउन यांचे समाधान झाले नाही. ते त्या चिखलातून पायी निघाले, सोड्याने पाय भाजून निघाले, आणि त्यांना रुग्णालयात काही काळ काढावा लागला. विमान नसते तर ती वसाहत सापडली नसती, हे खरेच. पण विमानातून दिसल्यावरही ज्याला चालत जावेसे वाटले, त्याच्याविषयी आम्हांला अधिक आदर वाटतो.

आता भीमेकडे येऊ.

शिरूर तालुक्यातले निमोणे हे गाव नकाशावर पाहिले तर त्याच्या उत्तरेच्या अंगाने घोड नदी जाते. जवळच चिंचणीला १९६५ साली पूर्ण झालेले घोड धरण आहे. हा मुलूख कमी पावसाचा. पाटाचे पाणी पोचले तिथे ऊस, नाही पोचले तिथे ज्वारी-बाजरी आणि टँकरची वाट. घोड पुढे जाऊन दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते. पुण्याचे सारे सांडपाणी पोटात घेतलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळालेली असते. हे सर्व पाणी दौंडवरून खाली जाते आणि उजनीच्या फुगवट्यात थबकते. माढा तालुक्यातील उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. त्याची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. पाणी पूर्ण भरले की ते माढा, करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत अशा पाच तालुक्यांत आणि सोलापूर, पुणे, अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरते. नदी रुंद आणि उथळ खोऱ्यातून वाहत असल्यामुळे हा जलाशय खोल कमी आणि पसरट जास्त आहे. पाणपक्ष्यांना नेमके हेच हवे असते.

भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही नावे आता पुण्या-मुंबईच्या छायाचित्रकारांच्या तोंडी असतात ती या पसरट, उथळ पाण्यामुळे. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चक्रांग येतात. शेकाटे, चमचे, मोरशराटी, राखी बगळे, नदी सुरय तर आहेतच. पाणी ओसरून चिखल उघडा पडू लागला की रोहितांचे थवे उतरतात. इंदापूर तालुक्यातल्या भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची मोठी वसाहत प्रसिद्ध आहे. बगळे-बलाकांच्या अशा सामूहिक वसाहतीला मारुती चितमपल्लींनी 'सारंगागार' असा सुंदर शब्द दिला आहे. तो अद्याप अभ्यासक्रमाच्या पुस्तकांतून फिरतो आहे, बोलण्यात उतरलेला नाही, याची खंत वाटते.

आमच्या वर्गात निमोण्याची, न्हावऱ्याची मुले असतात, तशी खाली राजेगाव-खानोट्याकडचीही असतात. ललित गद्याच्या तासाला भिगवणच्या पक्ष्यांचा विषय निघाला, तेव्हा त्यांपैकी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, धरणाच्या आधी इथं पक्षी नव्हते का?" तिच्या आजोबांचे जुने घर आणि शेत धरणाच्या पाण्याखाली गेलेले. प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर शोधताना आम्ही ज्या कागदपत्रांपर्यंत गेलो त्यांतून हा लेख निघाला आहे.

धरणाच्या आधी पक्षी होतेच. प्रश्न इतकाच की त्यांची नोंद कुठल्या स्वरूपात उरली आहे. दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात छापली गेली. ती करणारा अधिकारी विल्यम हेन्री साइक्स. त्याच्या नावाचा एक चंडोल आजही आपल्या माळावर गातो. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२४ साली साइक्सला नेमले होते ते दख्खनचा 'सांख्यिकी प्रतिवेदक' म्हणून. गावे, माणसे, जमीनधारणा, पिके, हवामान यांचे आकडे गोळा करणे हे त्याचे काम. पुढे लंडनची सांख्यिकी संस्था १८३४ साली निघाली तेव्हा तो तिच्या संस्थापकांत होता. म्हणजे व्यवसायाने मोजणारा माणूस. त्याने माणसे मोजली, पीक मोजले, आणि पक्ष्यांची मात्र यादी केली. एखादा पक्षी आढळतो की नाही, हा त्या काळाचा प्रश्न होता; किती आढळतो हा नव्हता. पुढे १८७८ साली डेव्हिडसन आणि वेंडेन या दोघांनी ह्यूमच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात दख्खनच्या पक्ष्यांवर लेख लिहिला, त्याचेही स्वरूप यादीचेच. याद्यांतून 'सर्रास', 'विरळा', 'थंडीत पुष्कळ' अशा शेऱ्यांपलीकडे जाता येत नाही.

आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना युरोपात १९६७ साली सुरू झाली. तिची आशियाई शाखा भारतीय उपखंडात १९८७ साली आली. तोवर उजनीच्या धरणाला सात वर्षे झाली होती. या दोन सालांमधले अंतर आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. मोजणी सुरू झाली तेव्हा नदी जाऊन जलाशय आला होता. भीमेचे डोह, उन्हाळ्यात उघडी पडणारी लांबच लांब वाळवंटे, त्या वाळूत अंडी घालणारे सुरय आणि टिटव्या, काठच्या बाभळी, यांच्याविषयीचा एकही आकडा आपल्या हाती नाही. मॅक्वारीच्या कथेत धरणाने दलदल आटवली आणि आकड्यांनी ते दाखवून दिले. इथे धरणाने नदी बुडवली आणि दलदल निर्माण केली. मिळाले ते मोजता येते, म्हणून ते डोळ्यांत भरते. गेले ते कुणी मोजलेच नव्हते.

मग त्या विद्यार्थिनीला उत्तर द्यायचे कशाच्या आधारे? आमच्या मते इथे भाषेकडे जावे लागते, आणि हे काम विज्ञानाच्या विभागापेक्षा भाषेच्या विभागाने करण्याचे आहे. चितमपल्ली वनाधिकारी म्हणून कर्नाळ्याला, नवेगाव बांधला, नागझिऱ्याला राहिले. तिथल्या ढिवर, गोंड आणि इतर रानवासी माणसांकडून त्यांनी पक्ष्यांची नावे गोळा केली, संस्कृत कोशांतल्या नावांशी ती ताडून पाहिली, आणि पक्षिकोश सिद्ध केला. २००६ सालच्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ साली सोलापुरातच ते निवर्तले. भीमेच्या खोऱ्यात जन्मलेल्या या लेखकाचे बहुतेक काम विदर्भाच्या तळ्यांवर झाले. भीमाकाठच्या भोयांच्या, कोळ्यांच्या, मेंढपाळांच्या तोंडची नावे तितक्या निगुतीने कुणी गोळा केलेली आमच्या वाचनात नाहीत. पक्ष्याचे स्थानिक नाव हीसुद्धा एक नोंद असते. ज्या गावात एखाद्या पक्ष्याला स्वतःचे नाव आहे, तिथे तो कधीतरी नेहमीचा होता.

उदाहरणार्थ, काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेला जो पक्षी हिवाळ्यात शेकड्यांनी पाण्यावर तरंगतो, त्याला मराठीत 'वारकरी' म्हणतात. कपाळीच्या बुक्क्या-गंधावरून हे नाव पडले असावे. उजनीतून सोडलेले भीमेचे पाणी खाली पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वाहते आणि वारीच्या काळात ते किती सोडायचे यावर बातम्या होतात, हे लक्षात घेतले की पाण्यावरचा आणि वाळवंटातला असे दोन्ही वारकरी एकाच धरणाच्या दारांवर अवलंबून आहेत असे दिसते. गणनेच्या तक्त्यात या पक्ष्याचे इंग्रजी नाव आणि शेजारी एक संख्या असते. ती संख्या हवीच. आमचे म्हणणे एवढेच की नावही तितकेच नोंदण्याजोगे आहे, आणि नावे सांगणारी पिढी आता थोडी उरली आहे. कुंभारगावच्या काठावर पर्यटकांना नावेतून नेणारे तरुण, ज्यांच्या घरी मासेमारी होती, ते आता सफाईने 'फ्लेमिंगो' म्हणतात. त्यांचा दोष नाही. गिऱ्हाइकाला तेच कळते. त्यांच्या आजीला विचारायला हवे.

आता आजच्या मोजणीकडे. आशियाई गणना जानेवारीत होते. हौशी निरीक्षक दुर्बिणी आणि दूरदर्शक घेऊन ठरलेल्या ठिकाणी पहाटे जातात, काठावरून किंवा नावेतून दिसतील ते पक्षी जातवार मोजतात आणि तक्ता भरतात. वेतन नाही, विमान नाही, पेट्रोलही बहुधा पदरचेच. या माणसांविषयी आम्हांला नितांत आदर आहे. परंतु उजनीसारख्या जलाशयाला शेकडो किलोमीटरचा दंतुर काठ आहे. मोजणारे जातात ते जिथे रस्ता जातो तिथे. भिगवणच्या बाजूचे पक्षी मोजले गेले आणि त्याच सकाळी थवा करमाळ्याच्या काठावर असेल, तर तक्त्यात घट दिसते. उलट तोच थवा उडून दुसऱ्या गटासमोर उतरला, तर तो दोनदा मोजला जातो. विमानाच्या पट्टीला या दोन्ही चुका कमी होतात.

याहून मोठी अडचण पाण्याच्या पातळीची आहे. उजनीच्या ११७ टीएमसींपैकी ६३ टीएमसींहून अधिक साठा 'मृत' धरलेला आहे. त्यामुळे या धरणाची टक्केवारी शून्याखाली जाते आणि 'उजनी उणे तीस', 'उणे चाळीस' असे मथळे येतात. पाण्याने भरलेल्या धरणाला उणे म्हणणारी ही भाषा परगावच्या माणसाला चक्रावून टाकते. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. रोहितांना उथळ चिखल लागतो. पाऊस भरपूर झाला आणि जानेवारीत धरण काठोकाठ असेल, तर चिखल उघडा नसतो आणि रोहित थोडे दिसतात. अवर्षणाच्या वर्षी तेच लवकर आणि मोठ्या संख्येने येतात. म्हणजे 'यंदा रोहितांची संख्या घटली' या दरवर्षीच्या बातमीचा अर्थ पुष्कळदा 'यंदा पाणी पुष्कळ आहे' एवढाच असू शकतो. शिरूर-दौंडचा शेतकरी ज्या वर्षी आकाशाकडे डोळे लावून बसतो, ते वर्ष छायाचित्रकाराला चांगले जाते. पातळीची नोंद शेजारी न ठेवता पक्ष्यांचा आकडा छापणे म्हणजे काळ न सांगता क्रियापद लिहिणे.

हे आकडे नुसते कुतूहलाचे नाहीत. १९७१ च्या रामसर करारानुसार एखाद्या पाणथळीवर नियमितपणे वीस हजार पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येचा एक टक्का तिथे येत असेल, तर ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानण्यास आधार मिळतो. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरला २०२० साली हा दर्जा मिळाला. तोही मानवनिर्मितच जलाशय, विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी-कादवा संगमावर बांधलेल्या बंधाऱ्याने झालेला. उजनीला तो दर्जा नाही. तो मिळावा की नाही यावर मतभेद आहेत आणि ते आम्हांला समजतात. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत गाळपेर करणारे शेतकरी बहुतांशी ज्यांची शेते बुडाली त्यांच्याच वंशातले आहेत. पट्टकदंब रात्री उतरतात ते त्याच कोवळ्या पिकात. एकदा या जमिनीचे नुकसान धरणाने झाले, दुसऱ्यांदा संरक्षणाच्या नावाने होऊ नये, ही भीती निराधार म्हणता येत नाही. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' १९९१ साली आली तेव्हा धरणग्रस्ताकडे पाहण्याची मराठी वाचकाची उंचीच बदलली; कागदावरच्या 'बुडीत क्षेत्रा'त माणसे उभी राहिली. पक्षिगणनेच्या अहवालांना अजून तशी माणसे भेटायची आहेत.

भीमेवर विमान फिरावे का, असा प्रश्न कुणी करील. इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात उपग्रहांच्या साहाय्याने देशातील सुमारे १ कोटी ५२ लाख हेक्टर पाणथळ क्षेत्र मोजले गेले. उपग्रहाला पाणी दिसते, पक्षी दिसत नाही. मधल्या उंचीची, पक्षी दिसेल आणि सारा जलाशय एका दिवसात पाहून होईल अशी नजर इथे उपयोगी पडेल, यात आम्हांला शंका नाही. ड्रोनमुळे ती आता पूर्वीइतकी खर्चिकही राहिलेली नाही. मात्र घुंगरांच्या नादाने उठणारे सारस आठवावेत आणि वसाहतीवर ती वस्तू घिरट्या घालू नये. पण विमान येवो न येवो, अमेरिकेतली ती पायी फिरणारी तुकडी इथे आजच उभी करता येण्यासारखी आहे. दौंड, शिरूर, इंदापूर, करमाळा या प्रत्येक तालुक्यात महाविद्यालये आहेत, काठच्या गावांतली मुले त्यांत शिकतात, आणि राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी होतात. ठरलेली वीस-पंचवीस ठिकाणे, ठरलेली तारीख, पातळीची नोंद, आणि तक्त्यात एक जादा रकाना : या पक्ष्याला तुमच्या घरी काय म्हणतात? पहिल्या दोन वर्षांचे आकडे फार काही सांगणार नाहीत. दहाव्या वर्षी सांगू लागतील.

आणि महिना एकच ठेवायचा नसेल, तर दुसरा मे असावा. तेव्हा इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे बुडालेले मंदिर पाण्याबाहेर येते. जुन्या गावाची जोती उघडी पडतात, नव्या गावठाणातली म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन आपले घर कुठे होते ते दाखवायला चिखलातून जातात. कुणी गाळात वैरण पेरलेली असते. थोड्या अंतरावर उथळ पाण्यात माना खाली घालून रोहित चरत असतात, आणि पावसाची पहिली सर येईपर्यंत ते तिथेच असतात. जानेवारीच्या तक्त्यात यांतले काहीच येत नाही.